अजगराने लावलेली शिस्त

नेदरलँड्समध्ये, लायडनला हाउसआर्ट्सच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या, वेटिंग रूममध्ये माझ्या मागे एक मराठी जोडपं बसलं होतं. नवऱ्याच्या हाताला पंचा गुंडाळलेला होता.

“योगिनी, डॉक्टरांना काय सांगू?”

“घरी पाळलेला अजगर चावला म्हण. चिकन साफ करून तसाच हात त्याच्या काचपेटीत घातलास, त्याला वाटलं जेवण आलं. आणि त्याला एकट्याने बाहेर काढायचं नाही, असं ठरलं होतं ना?”

“मी हात ओढणारच होतो.”

“मांस फाटलं असतं, त्याचे दात आत वळलेले असतात. म्हणून तर मी शेपटीकडून वेटोळं सोडवलं आणि तोंडावर गार पाणी ओतलं.”

“तुला तो पहिल्यापासून नकोच होता. देऊन टाकूया का?”

“मुळीच नाही. लग्न झाल्यापासून मी हात धू म्हणून ओरडतेय. त्याने एकदाच सांगितलं, तर आज बिस्किट खायच्या आधीसुद्धा धुतलास.”