मंजूच्या फिल्मवरचा गोल डाग

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या रेणापूरच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक आदरणीय विरूपाक्षअप्पा, परदेशात डॉक्टरकीचे प्रवेश करून देणाऱ्या या केंद्राचे प्रमुख अमरनाथ सर, व्यासपीठावरची इतर मान्यवर मंडळी, आणि समोर बसलेले माझे बंधू-भगिनी. त्यातही परवा बिश्केकला निघालेली ही लेकरं आणि चार दिवसांपासून नीट न जेवलेले त्यांचे आई-बाप. सर्वांना माझे शरणु शरणार्थी.

आधी पोच देते. आत्ता माझा सत्कार झाला, त्यात मला आलं ते असं: एक शाल, एक नारळ, एक गुलाब आणि केंद्राचं नाव छापलेली एक पिशवी. शालीवरची चिठ्ठी काढायची राहिली आहे, तीनशे वीस. लातूरच्या गंजगोलाईच्या बाजारात हीच शाल मी दोनशे ऐंशीला आणली असती. नारळ हलवून बघितला, पाणी आहे. सरांचे आभार मानते. पण सत्कार कशाबद्दल, हे अजून कोणी सांगितलेलं नाही, आणि कारण न सांगता कोणी अंगावर शाल घातली की मला आधी शंका येते.

ज्यांना मी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मी नीलम्मा. शिक्षण मॅट्रिक. मालकांचं रेणापुरात किराणा दुकान आहे, घर आणि दुकानाचा हिशोब मी बघते. माझी मंजुश्री सरांच्याच केंद्रातून बिश्केकला गेली, आता दुसऱ्या वर्षाला आहे. परवा सर घरी आले आणि म्हणाले, ताई, पालक म्हणून चार चांगले शब्द बोला, लेकरांना धीर येईल. धीर मी देणारच आहे. चांगले शब्द किती निघतात ते बघू.

मला सांगा, आपलं लेकरू तिकडं आजारी पडलं तर त्याला कुठं न्यायचं, हे इथल्या किती आई-बापांनी विचारलं? मेसमध्ये भात मिळतो का, हे सगळ्यांनी विचारलं. मीही तेवढंच विचारलं होतं.

गेल्या हिवाळ्यात मंजूला खोकला लागला. महिनाभर गेला नाही. त्याच सुमाराला तिचा राहायचा परवाना नवा करायचा होता, त्यासाठी छातीचा एक्स-रे काढला. दुसऱ्या दिवशी सरांचा फोन. सुरुवातच, "ताई, घाबरू नका." सर म्हणाले, छातीत गोल डाग निघालाय, क्षयाचा संशय आहे, मुलीला वेगळ्या खोलीत ठेवलंय. विद्यापीठाला कागद गेला की परवाना अडकणार आणि मुलगी घरी परत. त्याच्या आत आमच्या ओळखीच्या दवाखान्यात हलवू, ऐंशी हजार आजच्या आज टाका.

मालक लगेच मोबाईल घेऊन उठले. मी म्हटलं, बसा.

सरांना दवाखान्याचं नाव विचारलं. ते म्हणाले, नाव सांगून तुम्हाला काय कळणार आहे ताई? मी म्हटलं, न कळू द्या, लिहून घेते. फोन कट झाला. रेंज गेली म्हणाले नंतर. बिश्केकची गेली का लातूरची, हे काही सांगितलं न्हाई.

विम्याचं कार्ड होतं. निघताना सरांनी ते मोठ्या कौतुकानं दिलेलं. त्यावरचा नंबर लावला. तिकडून एक बाई रशियनमध्ये बोलली, इकडून मी मराठीत बोलले. दोघींनी आपापलं सांगायचं ते सांगितलं आणि फोन ठेवला.

आता सभेत सगळ्या समाजाची मंडळी आहेत, म्हणून थोडं समजावून सांगते. आम्हा लिंगायतांत लेकरू जन्मलं की स्वामी येऊन त्याला इष्टलिंग बांधतात. बोराएवढं, काळं, दगडाचं. ते अंगावेगळं करायचं नसतं. मंजू निघाली तेव्हा ते ज्यात असतं ती चांदीची डबी मी घरीच ठेवून घेतली. विमानतळावर कोणाची नजर कशी असते काय माहीत? साध्या कापडात बांधून तिच्या गळ्यात घातलं. पण तिकडं गेल्यापासून व्हिडिओ कॉलवर ही सदा गळाबंद स्वेटरमध्ये. खोलीतल्या मैत्रिणी अंडं खाणाऱ्या. मी बोलता बोलता दोरा दिसतो का बघायची, दिसायचा न्हाई. विचारावं तर उत्तर काय येईल, ही धास्ती. म्हणजे बघा, सरांवर शंका, दवाखान्यावर शंका, आणि पोटच्या पोरीवरही शंका.

मी हट्ट धरला की फिल्मचा फोटो आल्याशिवाय एक रुपया जाणार नाही. मालक चिडले. म्हणाले, पोरगी तिकडं कोंडलीय आणि तुला फोटो पाहिजेत. फोटो आला. तो घेऊन मी लातूरला डॉक्टर वर्षाराणींकडं गेले. त्या एक्स-रेच्याच डॉक्टर आहेत. त्यांनी फोटो मोठा करून बघितला, परत बघितला आणि म्हणाल्या, क्षय असा दिसत नाही. कडा फार स्वच्छ आहे. हे अंगाच्या बाहेरचं काहीतरी आहे. तिच्या गळ्यात काय असतं?

साधा प्रश्न. इष्टलिंग असायला पाहिजे, एवढंच म्हटलं.

बाईंच्या समोरूनच मंजूला फोन लावला. विचारलं, "मंजू, एक्स-रेच्या वेळी गळ्यात काय होतं?"

पोरगी जरा रागातच म्हणाली, "काय असणार आई? इष्टलिंग. तू काय समजलीस?"

तिथल्या माणसानं खुणेनं सांगितलं होतं, धातूचं सगळं काढा. हिनं कानातलं काढलं, अंगठी काढली. कापडातला दगड काही धातू न्हाई. खोटं बोलली का? नाही. फिल्म बघून सगळे घाबरले होते. मला मात्र स्वेटरच्या गळ्याआड सहा महिने जे दिसत नव्हतं, ते दिसलं.

पण काम तिथं संपलं नाही. मंजूनं तिकडच्या डॉक्टरांना सांगितलं की तो दगड आहे. शब्द तिला तेवढाच येत होता. आणि त्यांच्या भाषेत दगडाला आणि पित्तातल्या खड्याला एकच शब्द. डॉक्टरांनी मान डोलावली, लिहून घेतलं आणि पोटाची सोनोग्राफी लावली. हसा, आज हसायला हरकत न्हाई. त्या दिवशी आमच्या घरात चूल पेटली नव्हती.

शेवटी तिनं कापड सोडून दाखवलं. डॉक्टरांना उमजलं. ते म्हणाले, हे काढून ठेव, परत फिल्म घेऊ. आणि पोरगी काढेना. सरांचा मला फोन, ताई, दोन मिनिटांचा प्रश्न आहे, मुलीला हट्ट सोडायला सांगा, नाहीतर मी जबाबदार नाही. तोवर कुठल्या गोष्टीला सर जबाबदार होते, हे मी विचारलं नाही. कारण मागोमाग मंजूचा फोन आला, रडत. "आई, एक्स-रेच्या खोलीचं दार उघडं ठेवून बोलवायलेत. काढू का?"

काढ म्हणावं तर जन्मापासून जे जपलं ते मीच सोडायला सांगितलं असं होणार. नको म्हणावं तर लेकराचं शिक्षण बुडणार. स्वामींना विचारायला वेळ नव्हता. मी देवघराकडं बघितलं आणि तिलाच विचारलं, "पूजेला बसतेस तेव्हा ते कुठं असतं?"

म्हणाली, "डाव्या तळहातावर."

म्हटलं, "मग हातावर घे. मूठ छातीपासून लांब धर. अंगावेगळं होत नाही."

दुसरी फिल्म स्वच्छ निघाली. खोकला खोकलाच होता. तिथल्या सरकारी दवाखान्यातल्या गोळ्यांनी गेला. हो, सरकारी. ओळखीच्या दवाखान्यात जावंच लागलं नाही.

सर घड्याळ दाखवायलेत. आवरते सर, बसा.

नंतर मी सरांना एकदा विचारलं, तो ओळखीचा दवाखाना कोणता? ते म्हणाले, ते आमचं ठरलेलं असतं ताई. ठरलेलं म्हणजे कोणाशी? कशाबद्दल? मी आरोप करत नाही. अप्पांसमोर उभी आहे, न बघितलेलं बोलणार नाही. पण पैसे सांगायला फोन लागला आणि नाव सांगायला आजवर लागला नाही, एवढं मी बघितलं आहे.

लेकरांनो, आजार लपवू नका. फिल्म काढली की आधी घरी पाठवा, आई-बाप अडाणी असले तरी पाठवा. त्यांची भाषा शिकताना "अंगाच्या बाहेर" हे शब्द पहिल्या आठवड्यातच शिका. आणि किल्लारीची गीतांजली कुठं आहे? बाळा, तुझ्या आईनं मघाशी मला कानात विचारलं ते मी आता सगळ्यांसमोर सांगून टाकलं. हातावर घ्यायचं. घाबरायचं नाही.

सरांना एक विनंती. हे विम्याचं कार्ड तिथल्या कोणत्या दवाखान्यात चालतं, आणि लेकरू आजारी पडलं तर त्याच्यासोबत जाऊन त्याची भाषा सांगणारा माणूस कोण, ही नावं सही करून प्रत्येक आई-बापाच्या हातात द्यावीत. बॅगा भरायच्या आत.

मला बोलायला उभं केलंत, अप्पांनी मध्येच थांबवलं नाही, त्याबद्दल ऋणी आहे. बोलण्यात उणं-अधिक झालं असेल, सत्कार घेऊन वर प्रश्न विचारला हे कोणाला बरं वाटलं नसेल, तर पोटात घाला. पत्राच्या शेवटी आपण लिहितो, उलट टपाली कळवावे. इथं टपालाची गरज नाही. मी पहिल्या रांगेत बसलेय, चहा उत्तर आल्यावर घेईन.