दोन डाव्या बाह्या

ताई: तोंडात टाचण्या होत्या म्हणून इतका वेळ ऐकून घेतलं. आता काढल्या. गुरुजी कोटाच्या ट्रायलला एवढ्यात येतील, आणि शेअरमध्ये गुंतवायला तुझ्यासाठी चेकबुकही आणतील. त्यांना खरं सांगणार आहेस की नाही?

धाकटा: काय सांगू? मंदी येणार हे मला ठाऊक नव्हतं, बहिणीशी भांडलो म्हणून सगळे शेअर विकले? छी-थू होईल माझी.

ताई: होऊ दे. खरं तेच आहे ना?

धाकटा: लोक वाटेत थांबवून सल्ला विचारतात गं. ज्योतिषी म्हणतात मला. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी विचारतंय.

ताई: म्हणे ज्योतिषी! त्या दिवशी याच स्टुलावर बसून, बाजार अजून कसा चढणार ते मला ऐकवत होतास. तुझ्या बडबडीत माझी कात्री चालली आणि गुरुजींच्या कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या गेल्या. शिकाऊ होते तेव्हासुद्धा असं झालं नव्हतं.

धाकटा: मग काय थयथयाट केलास! ‘मला कापड भरून द्यायचंय, तुझ्याकडे शेअरमध्ये घातलेले माझ्या वाट्याचे पैसे आत्ताच्या आत्ता काढ.’ सगळेच्या सगळे! कोटाला असं लागतं तरी किती कापड?

ताई: रागात कुणी मापं घेतं का? आणि तू काय केलंस? ‘तुझेच कशाला, माझेही विकतो, जा!’

धाकटा: विकले. आणि अबोला धरून घरी बसलो. बाजाराकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पुढच्याच आठवड्यात सगळं कोसळलं.

ताई: आणि घर गहाण ठेवणार होतास, ते?

धाकटा: ते तुला कुठून कळलं?

ताई: तुझ्या बायकोनं सांगितलं. सांगताना रडत होती.

धाकटा: हो. कर्ज काढून आणखी शेअर घेणार होतो. बँकेत जाऊन सह्या करायच्याच तेवढ्या राहिल्या होत्या. मला धोका दिसतच नव्हता ताई. दर वेळी फायदा होत गेला, म्हणून वाटलं, आपल्याला कळतं. आता सकाळी जाग आली की आधी छताकडे बघतो. पोरं शेजारी गाढ झोपलेली असतात. वाटतं, उठावं आणि थेट तुझ्या पाया पडावं.

ताई: माझ्या कशाला? मी कापडासाठी भांडले. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. फांदी आपल्या डोक्यावर नाही आली, हे देवाचे उपकार.

धाकटा: गुरुजींना सांगितलं तर ते जातील. त्यांच्यामागून बाकीचेही जातील.

ताई: आणि नाही सांगितलंस तर त्यांची जन्माची पुंजी तुझ्या हातात येईल. मग पुढच्या वेळी मी कुणाच्या बाह्या बिघडवू?

गुरुजी: नमस्कार, नमस्कार! अरे वा, ज्योतिषीबुवाही इथंच! ताई, आधी कोट की आधी चेक?

ताई: आधी कोट. हात वर करा बघू. काखेत काचतं का?

गुरुजी: छे, झकास बसलाय. हं, तर ज्योतिषीबुवा, निवृत्त झालो तेव्हा मिळालेली सगळी रक्कम आहे. म्हातारपणी पोरांवर ओझं नको म्हणून जपली. बुडणार नाही ना, एवढं सांगा. तुम्हाला तर आधीच दिसतं.

धाकटा: गुरुजी, मला काही दिसलं नव्हतं.

गुरुजी: हा तुमचा विनय.

धाकटा: विनय कसला! तुमच्या या कोटाच्या दोन्ही बाह्या ताईनं डाव्या कापल्या, त्यावरून आम्ही कडाकडा भांडलो, आणि रागाच्या भरात मी सगळं विकून टाकलं. ती भांडली नसती तर आज बायकोपोरांसकट रस्त्यावर असतो.

गुरुजी: दोन्ही डाव्या? या तर बरोबर आहेत.

ताई: तसंच कापड शोधून आणलं आणि नव्यानं शिवला. तुम्हाला सांगायची लाज वाटली हो.

गुरुजी: अस्सं. म्हणजे सगळं नशीब?

धाकटा: निव्वळ नशीब. अक्कल तर खड्ड्याच्या दिशेनं धावत होती.

गुरुजी: पण हे तुम्ही लपवू शकला असता. असा खरं बोलणारा माणूस मला बाजारात कुठं भेटणार? मग आता तुम्हीच घ्या. सगळे घ्या!

धाकटा: नको, गुरुजी! खरं बोललो म्हणून मला बाजार कळायला लागला का? हे पैसे गेले तर पुन्हा कमवायचं तुमचं वय नाही. बँकेत ठेवा. व्याज थोडं मिळेल, पण झोप लागेल.

ताई: शहाणा झाला गं बाई माझा भाऊ! गुरुजी, ऐका त्याचं. आज पहिल्यांदाच ऐकण्यासारखं बोलला.

गुरुजी: ही बाहेर बाकावर बसलीय. पैसे देऊ नका, देऊ नका, म्हणून सकाळपासून धोशा लावलाय तिनं. मी म्हटलं, तुला बाजारातलं काय कळतं? तर आत यायलाच तयार नाही.

ताई: अगंबाई, एवढ्या उन्हात! थांबा, मी बोलावते.

गुरुजी: नको ताई, मीच जातो. आधी मला तिच्याशेजारी जरा बसायचंय.