हातभर डब्याची चकाकी

(ठाण्याच्या कोपरीत राघो रंगाऱ्याचं घर. माघातली दुपार. पाटावर आगगाडीचा हातभर लांब लाकडी डबा. शेजारी राघोची बायको गोदा.)

राघो : ...आणि बापूस बोलायचा, ‘राघ्या, रंग हात लावतो, चकाकी घर लावतं.’ ठाण्याला गाडी नवी आली त्या साली गेला तो. तरी अजून कानात बोलतो.

गोदा : आज काय बोलला?

राघो : तेच. घर धूळ उडवत असेल तर ब्रह्मदेवाचा हात आणून उपयोग नाय.

गोदा : मी झाडू हातात धरला नाय त्याला नऊ दिवस झाले. कोंबड्या शेजारच्या लक्ष्मीकडं. दळण लक्ष्मीकडं. मी तेवढी राहिले, मलाही तिथंच धाडा.

राघो : तू धूळ नाय उडवत.

गोदा : उपकार झाले.

राघो : हे बघ. डब्याच्या छतावर बोट फिरव. नको, फिरवू नको, नुसतं बघ. आधी समुद्रफेसानं घासलं, लाकूड लोण्यासारखं झालं. मग दारूत विरघळवलेल्या लाखेचा बाविसावा हात. बोळ्यावर खोबरेलाचा एक थेंब, दोन नाय. हात गोल गोल, कुठं थांबायचं नाय. झालं तेव्हा डब्यात आढं दिसत होतं. आढ्यावरची पाल दिसत होती. तीपण खाली बघत होती. काल जेवून घटकाभर आडवा झालो, उठून बघतो तर पांढरा. दूध सांडल्यासारखा.

गोदा : पालीनं केलं असेल.

राघो : पाल काय करणार? लाख पांढरी पडते ती ओल्या वाऱ्यानं. खाडीचा वारा जरासा लागला तरी संपलं. म्हणून तर त्या अंगाच्या भिंतीची फट न फट शेणानं लिंपली. मागच्या दाराला गोणपाट बांधलं. तरी पाचव्यांदा पांढरा. वारा येतो कुठून?

गोदा : वाऱ्याला कोण विचारणार.

राघो : सोमवारी परळच्या आगगाडीच्या कारखान्यातला तानाजी मुकादम येतोय. बोलला, साहेबाची अट एकच. नमुन्याच्या डब्यात त्याला स्वतःची मिशी दिसली पाहिजे. दिसली की कारखान्यात कायमचं काम. मी विचारलं, साहेबाला मिशीच नसली तर? बोलला, तू रंगाचं बघ.

गोदा : आणि राहायचं कुठं?

राघो : खोली हाय. नऊ माणसं, सगळे रंगारी. बायकामाणसाला जागा नाय. मी सणाला येईनच की.

गोदा : कोणत्या?

राघो : एखाद्या.

गोदा : बरं.

राघो : लक्ष्मी सांगत होती, तिच्या जात्यावर बसलीस की रोज एकच ओवी गातेस.

गोदा : दुसरी येत नाय.

राघो : कुठली ती?

गोदा : ‘रंगली गलबतं, रंगली पालखी, माझ्या गं दाराची फळी राहिली पोरकी.’

राघो : चाल बरी हाय. दाराला रंग पाहिजे होता तर सांगायचंस.

गोदा : अकरा वर्षं झाली लग्नाला. वसईची गलबतं संपली की पनवेलच्या पालख्या, त्या संपल्या की अलिबागचा रथ. सांगायला तुम्ही घरात पाहिजे होता.

राघो : आता तुळशीच्या लग्नापासून घरीच हाय ना.

गोदा : हो. आता हाय.

राघो : गोदे, एक गोष्ट कळली मला. वारा नाय, धूळ नाय, पाल नाय. हात गेला माझा.

गोदा : कायतरीच.

राघो : बापाचा अखेरपर्यंत टिकला. माझा चाळिशीतच गेला. सकाळी मिठागरावरच्या आनंदाला सांगून आलो, उद्यापासून कामाला येतो. मीठ ओढायला कसलाही हात चालतो. हे बोळे धू, फडकी कर त्यांची. तानाजीला सांगेन, मिशी दुसरीकडं बघा.

गोदा : हात दाखवा.

राघो : त्यात काय बघायचं?

गोदा : दाखवा तर. कापतोय कुठं? चांगला हात हाय. बापाच्या वरचा हाय.

राघो : मग डबा?

गोदा : तुम्ही आडवे झालात की मागचं दार मी उघडते. गोणपाट सोडते, डबा पाटासकट उंबऱ्यावर ठेवते. तुम्ही उठायच्या आत परत जागेवर. पाचही वेळा.

राघो : तू?

गोदा : गोणपाट परत नीट बांधत होते. उद्या तेविसावा हात द्या, दाराला मी हात लावणार नाय. सोमवारी मिशी दिसेल.

राघो : अगं, पण का?

गोदा : डबा पांढरा दिसला की तुम्ही डोकं धरून बसता आणि बोलता, ‘गोदे, अजून आठ दिवस लागतील.’ मला ते आठ दिवस पाहिजे होते.