मामा लिहायचा राहिला

परवा माझी काय फजिती झाली, सांगतो. मी घरी तो गोष्टीचा खेळ घेतो ना, प्रत्येकाला एक पात्र लिहून द्यायचं आणि त्याने दोन-तीन तास तेच होऊन बोलायचं. या वेळी तीन आठवडे खपून चार भावंडं लिहिली. वडील गेलेत, द्राक्षबागेची वाटणी आहे आणि प्रत्येकाचं एक भयंकर गुपित बंद पाकिटात. रडारड होणारच, अशी माझी खात्री.

थोरल्याचं पात्र विंचूरच्या संदीपकडे होतं. त्याने कागद वाचून खाली ठेवला.

"मामा कुठंय?"

"कुठला मामा?"

"वाटणीला मामा नको? तो आल्याशिवाय मी तोंड उघडणार नाय."

बाकीच्यांनीही माना हलवल्या. मग मीच मामा झालो आणि घाबरून दहा मिनिटांत वाटणी उरकली. विहीर थोरल्याला दिली.

धाकटी झालेली माझी बायको म्हणाली, "मामा, तुम्ही पहिल्यापासून दादाचेच."

"खरंय तिचं," संदीपही म्हणाला.

मग मात्र भांडण दोन तास रंगलं. ते चौघं एका बाजूला आणि मी एकटा. पाकिटं कोणी फोडलीसुद्धा नाहीत.