चार खांब सिंथेटिक

(कासा नाक्याजवळचं नविनचं गॅरेज. सायवन-कासा फेऱ्या मारणारी धनेशची जीप खड्ड्यावर उभी आहे. नविन खाली उतरलेला, धनेश बॉनेटला टेकलेला. धनेशची सासू हिराबाई जुन्या टायरवर, मांडीवर पाच लिटरचा रिकामा कॅन घेऊन बसली आहे.)

नविन: म्हणजे ऑइलचा लाल दिवा लागतच नव्हता.

धनेश: लागत असेल. दिसत नव्हता.

नविन: दिसणार कसा? त्याच्यावर महालक्ष्मीचा स्टिकर कोणी चिकटवला?

धनेश: मागच्या जत्रेतून आणला होता. तिथे जागा होती.

नविन: एवढा लांबलचक डॅशबोर्ड, आणि देवीला बसायला नेमकी तेवढीच जागा.

धनेश: तो दिवा सारखा पेटायचा, नविनभाई. पुढे बसलेली माणसं विचारायची, हे लाल काय. प्रत्येकाला काय सांगत बसू?

नविन: मग स्टिकर लावल्यावर बंद झाला?

धनेश: दिवसा कळायचं नाही. संध्याकाळी मागून जरा उजेड यायचा.

हिराबाई: चांगला यायचा. मी दोनदा हात जोडले.

नविन: मावशी, तुम्ही इंजिनाच्या पाया पडलात.

हिराबाई: पडायलाच पाहिजे होतं कोणीतरी. दुसरं कोण बघत होतं त्याच्याकडे.

धनेश: आई, तू जरा चहा घे ना समोर. इथे धूर आहे.

हिराबाई: मला इथेच बरं आहे. तुझं चालू दे.

नविन: आज कसा काय आलास मग? देवीने सांगितलं?

धनेश: चढावर आवाज आला. ठक ठक ठक. आधी वाटलं मागे कोणाचं पातेलं वाजतंय.

नविन: मग?

धनेश: माणसं उतरवली, पातेलंही उतरलं. आवाज राहिला.

नविन: शेवटचं ऑइल कधी बदललं?

धनेश: अजून टाइम आहे त्याला. तुम्हीच दारावर चिठ्ठी लावलीत. बघा की. पुढचं ऑइल चौऱ्याण्णव हजार तीनशे बाराला.

नविन: आणि मीटर किती दाखवतोय?

धनेश: चौऱ्याऐंशी हजार तीनशे बारा.

नविन: म्हणजे ज्या दिवशी ऑइल टाकलं त्या दिवसापासून तू एक किलोमीटर गेलेला नाहीस.

धनेश: मीटर तसं म्हणतो.

नविन: आणि सायवनची सगळी माणसं रोज कासाला येतात ती कशी? रस्ता पुढे सरकतो?

धनेश: चेष्टा नका करू. तुम्ही म्हणालात सिंथेटिक आहे, दहा हजारापर्यंत बघायची गरज नाही. मी नाही बघितलं. सांगितलेलं ऐकलं, यात माझी चूक काय?

नविन: असं ऐकणारं गिऱ्हाईक मला बावीस वर्षांत भेटलं नाही. आता सांग, किती महिने झाले?

धनेश: असतील सहा. सात धरा.

हिराबाई: सतरा.

धनेश: तुला काय माहीत?

हिराबाई: नोटा बंद झाल्या त्या दिवाळीला तू मला हा कॅन भरून दिलास. त्यानंतर हा कॅन भिंतीला टांगलेला आहे. आत कोळ्याने घर केलं होतं, आज काढलं.

नविन: कॅन कसला मावशी?

हिराबाई: तुमच्या गाड्यांचं जळकं तेल. आमच्याकडे घराच्या खांबांना लावतात, उधई लागत नाय, वाळवी. घर बांधलं तेव्हा बारा खांब. जावयाच्या गाडीचं एकदा तेल सुटलं, चार रंगवले. चार महिन्यांनी परत सुटलं, आणखी चार. मग जावई आला आणि म्हणाला, आता मी गाडीत विमानातलं तेल टाकलं.

नविन: विमानातलं?

धनेश: समजवायला सांगितलं होतं.

हिराबाई: पाड्यावर सगळ्यांना समजावलं. सिंथेटिक. शब्द पाठ झाला माझा. तेव्हापासून घराचे आठ खांब साधे आणि चार खांब सिंथेटिक.

नविन: ते चार कसे आहेत?

हिराबाई: चुलीकडची बाजू. बोट दाबलं तर आत जातं. उधईला पण ते तेल आवडलं असेल, जे लागलंच नाय ते.

नविन: धनेश, रोजच्या फेऱ्या किती?

धनेश: तीन.

नविन: जाऊन-येऊन तीस-बत्तीस धर. महिन्याचे पंचवीस दिवस. सतरा महिने. चाळीस हजार होतात, भाऊ. एका ऑइलवर चाळीस हजार. कंपनीला कळवलं तर तुझा फोटो डब्यावर छापतील.

धनेश: नुसतं तेवढ्यावर नाही चालवलं. कमी झालं की वरून ओतायचो.

नविन: काय ओतायचास?

धनेश: सिंथेटिक.

नविन: कुठून घेतलंस? मी तर तुला परत विकलं नाही.

धनेश: डबा होता ना तुमचा. रिकामा. तो घेऊन तलासरीला गेलो होतो, तिथे सुट्टं ऑइल मिळतं, ते त्याच्यात भरून घेतलं.

नविन: आणि मग त्या डब्यातून ओतलंस.

धनेश: डबा सिंथेटिकचाच होता.

नविन: मी रॉकेलच्या बाटलीत दूध भरून तुला चहा करून देतो, थांब.

हिराबाई: नविनभाऊ, मला एक सांगा. तो मीटर बंद कोणी केला?

नविन: बंद नाही केला कोणी. केबल तुटली होती.

हिराबाई: मग जोडली का नाय?

नविन: तेव्हा मिळत नव्हती. पालघरहून मागवावी लागायची.

धनेश: नाही, आई, मी सांगतो. मी म्हटलं होतं जोडा. हे म्हणाले, तुला मीटर कशाला, सायवनचा रस्ता काय वाढणार आहे का.

नविन: बोललो असेन.

धनेश: याच खड्ड्यात उभं राहून बोललात. आणि त्याच दिवशी दारावर आकडे लिहून चिठ्ठी लावलीत.

हिराबाई: म्हणजे हा न चालणारा मीटर बघत बसला, आणि तुम्ही न चालणाऱ्या मीटरला चिठ्ठी लावलीत. दोघे शिकलेले आहात, मी मध्ये बोलू नये.

नविन: मावशी, माझी ती चूक झाली.

हिराबाई: आणि दहा हजार कोणी सांगितलं?

नविन: डब्यावर लिहिलेलं आहे.

हिराबाई: त्या डब्यावर गाडीचं चित्र आहे. मी बघितलं, घरी पाण्याला वापरायला आणला होता तो, मी घेतला नाय. गाडी कसली आहे त्याच्यावर?

नविन: कार.

हिराबाई: माणसं किती आत?

नविन: एक.

हिराबाई: आणि ह्याच्या गाडीत?

धनेश: आई, माणसं मोजायची नाहीत इथे. पोलीस चौकी समोर आहे.

हिराबाई: मी कोंबड्या पण मोजत नाय. दोन माणसं मागच्या शिडीवर असतात, ती तर गाडीत धरायची पण नाय. ती कार तशी चढावर जाते का, दर दोन मिनिटांनी थांबत, धूळ खात?

नविन: नाही जात.

हिराबाई: मग?

नविन: मग पाच हजार सांगायला पाहिजे होतं. ऑइल चांगलंच आहे ते, खोटं नाही. पण एवढ्या वजनाला, एवढ्या धुळीत, जुन्या इंजिनाला पाचला बदलायचं. मला माहीत होतं.

धनेश: माहीत होतं?

नविन: पाच सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, साधंच द्या मग. डबा माझ्याकडे दोन महिने पडून होता.

धनेश: वा. मी स्टिकर दिव्यावर लावला, तुम्ही माझ्या डोळ्यांवर लावलात.

नविन: घे बोलून. तुझा हक्क आहे. पण चाळीस हजार मी नव्हते सांगितले.

हिराबाई: भांडण झालं असेल तर तो नट सोडा. मला कॅन भरून न्यायचा आहे.

नविन: सोडतो. धनेश, ते डबडं खाली सरकव. झालं. सुटला नट.

धनेश: काही येत नाहीये.

नविन: दिसतंय मला.

धनेश: नट पूर्ण निघाला का?

नविन: नट माझ्या हातात आहे. थांब, तारेने बघतो. हं. आलं. बघ, आलं. ये इकडे, बघून घे, परत बघायला मिळणार नाही.

धनेश: हे ऑइल आहे?

नविन: डांबर म्हणून रस्त्यावर टाकलं तर तुझ्या सायवनच्या रस्त्याचे खड्डे भरतील. सहा लिटर पाहिजे होतं. तीन पण नाही हे.

हिराबाई: खांबांना चालेल?

नविन: खांबांना चालेल मावशी, इंजिनालाच नव्हतं चालत.

धनेश: नविनभाई, आता धुऊन काढा सगळं. नवा फिल्टर, नवं ऑइल, जे म्हणाल ते टाका. दर पाच हजाराला येतो. मीटर पण जोडा. फक्त आठ दिवसांत गाडी एकदम फिट पाहिजे.

नविन: आठ दिवसांत काय आहे?

धनेश: दक्षाचे दिवस भरलेत. पहिलं बाळंतपण आहे, आईकडेच आहे ती. आशाताई म्हणाली आठवड्याच्या आत-बाहेर कधीही. तिला इथे कासाच्या दवाखान्यात आणायचं. म्हणून तर म्हणतोय.

नविन: एकशेआठला सांगितलंय?

धनेश: सांगितलंय, पण ती पाड्यावर येईपर्यंत काय सांगता येतं? आणि घरची गाडी असताना.

नविन: धनेश.

धनेश: काय?

नविन: तो ठक ठक आवाज बेअरिंगचा आहे. ऑइल बदलून तो जात नाही. ही गाडी मी चालू करून देईन, रिकामी हळूहळू घरी पण जाईल. पण कळा देणाऱ्या बाईला घेऊन त्या चढावर हिच्यावर भरवसा ठेवू नको. मध्येच जाम झाली तर ढकलून पण उपयोग नाही. इंजिन उतरवावं लागेल. पंधरा दिवस.

धनेश: तुम्ही मघापासून चेष्टा करत होतात.

नविन: आता नाही करत.

हिराबाई: तुम्ही खरं बोललात ते बरं केलंत, नविनभाऊ. कॅन भरा. मला पुढे नाक्यावर जायचं आहे.

धनेश: नाक्यावर कशाला?

हिराबाई: प्रविणला भेटायला.

धनेश: त्या भंगार जीपवाल्याला?

हिराबाई: त्याची सीट फाटलेली आहे, दरवाजा दोरीने बांधलेला आहे. पण साधं तेल टाकतो आणि दर तिसऱ्या महिन्याला बदलतो. मला माहीत आहे, कारण दर तिसऱ्या महिन्याला मला विचारतो, हिराबाय, तेल पाहिजे का खांबांना.

धनेश: मग घेतलं का नाहीस?

हिराबाई: जावयाची स्वतःची गाडी असताना दुसऱ्याच्या गाडीचं तेल घराला लावू? पाड्यात काय बोलले असते तुला?

धनेश: आणि आता माझ्या बायकोला त्याच्या गाडीतून न्यायचं? मी उभा असताना? लोक काय म्हणतील?

हिराबाई: मी पण त्या चार खांबांना दीड वर्ष हेच सांगत बसले. लोक काय म्हणतील. त्यांनी ऐकलं नाय.

धनेश: हे तू ठरवलंस?

हिराबाई: दक्षाने. काल संध्याकाळी कॅन तिनेच खाली काढून दिला. म्हणाली, उद्या त्याच्या गाडीत बस आणि आवाज ऐक. गॅरेजला गेला तर काय निघतं ते बघ. बरं निघालं तर काही बोलू नको. नाय तर तसंच पुढे जाऊन प्रविणला सांगून ये.

धनेश: मला का नाही बोलली?

हिराबाई: तुला तीनदा बोलली. तू म्हणालास, सिंथेटिक आहे.

धनेश: आवाज महिनाभर आहे, आई. आजचा नाही.

नविन: मग आधी का नाही आलास?

धनेश: नट उघडला की काय निघेल त्याची भीती वाटत होती. नाही उघडला तर गाडी चांगलीच होती. ती आहे म्हणून पाड्यात मला कोणीतरी विचारतं. मला वाटलं होतं दवाखान्यात मीच नेईन तिला. मीच परत आणेन, बाळाला घेऊन. सीट पण धुऊन ठेवली होती.

नविन: कॅन भरला मावशी. अर्धाच झाला.

हिराबाई: दोन खांब होतील. दोन प्रविणच्या तेलाचे करीन. उचल रे धनेश, मला जड होतं.

धनेश: मी येऊ नाक्यावर?

हिराबाई: ये. तूच बोल त्याच्याशी. मी बोलले तर बाईचं बोलणं, तू बोललास तर नवऱ्याचं.

धनेश: त्याला म्हणू का, त्या दिवशी गाडी मी चालवतो?

हिराबाई: नको. प्रविणला चालवू दे.

धनेश: मग मी काय करू?

हिराबाई: लग्न झाल्यापासून ती मागे बसते आणि तू पुढे. त्या दिवशी मागे तिच्याजवळ बस.