दोनशे सात सह्या

नाही नाही, त्या खुर्चीवर नको, तिचा पाय डुगडुगतो – ह्या इथे बसा, मॅडम. आणि तो कापडाचा गठ्ठा जरा सरकवा – हां, तोच पुरावा, त्यासाठीच बोलावलंय तुम्हाला. हस्ताक्षरतज्ज्ञ म्हटल्यावर मला वाटलं कुणी टक्कल पडलेले गृहस्थ येतील. भिंग आणलंय? छान. आणि तुमचं संमतिपत्र, नवऱ्याच्या सहीचं? असं बघू नका, नियमच आहे. एक तारखेपासून कुठल्याही बाईला कामाला जायचं तर घरच्या पुरुषाची सही हवी. बायकांच्याच भल्यासाठी. कसं भलं ते परिपत्रकात दिलंय, मी अजून पूर्ण वाचलेलं नाही – पण खाली सही माझी आहे, त्या अर्थी चांगलंच असणार.

तर हे कापड. उलगडू नका सगळं, चादरीला चादर जोडून केलंय, खोलीत मावायचं नाही. सोमवारी ऑफिसला आलो तर हे गच्चीवरून खाली सोडलेलं, खालच्या मजल्याच्या खिडक्या झाकून. मागच्या गल्लीतल्या शिवणवर्गाचा उद्योग. मला वाटलं फुलं-पक्षी असतील – बायका दुसरं काय भरणार? जवळ जाऊन बघतो तर सह्या. दोनशे सात नवऱ्यांच्या सह्या, रंगीत दोऱ्यात, आणि वर हे एवढ्या मोठ्या अक्षरात – ‘ही सही वर्षानुवर्षं मीच करते.’ मुलाचं प्रगतिपुस्तक, कुरियरची पोच, सोसायटीची नोटीस – नवरा झोपलेला, नवऱ्याचा चष्मा सापडत नाही, कर गं तूच. आता सांगा, ह्याला निषेध म्हणतात? निषेध म्हणजे घोषणा, मोर्चा, फार तर दगड. त्याची आम्हाला सवय आहे, त्याचे छापील फॉर्म आहेत. ह्याला फॉर्मच नाही.

गर्दी झाली हो. आणि गर्दी कुणाची, तर नवऱ्यांची. जो तो मान वर करून आपली सही शोधतोय. औषधवाला म्हणाला, माझी एवढी सुबक मला कधी जमली नाही – आणि दुपारी बायकोला घेऊन आला, फोटो काढायला. मी म्हटलं, बास झालं, तज्ज्ञ बोलवा. ह्या सह्या खोट्या ठरल्या की ह्याच हातांनी सह्या केलेली सगळी संमतिपत्रंही खोटी. सगळ्याजणी घरी. विषय संपला.

त्या कोपऱ्यात काय बघताय? तिथे विशेष काही नाही. निळ्या दोऱ्याची? ती – ती माझी. म्हणजे माझ्यासारखी. आमच्या हिनं भरलीय. शिवणवर्ग तिचाच आहे, चालवते हौसेनं. आता तिला शाळेत शिवण शिकवायला जायचंय, पंचेचाळिसाव्या वर्षी. संमतिपत्र घेऊन आली, मी ताटावर बसलो होतो. म्हटलं, नियम काढणाऱ्याचीच बायको बाहेर पडली तर लोक काय म्हणतील? नाही केली सही. तत्त्व म्हणून. आमची ही बोलत नाही फारशी, गप्प राहून करते.

माझ्या खऱ्या सहीचा नमुना? घ्या ना, कपाट भरलंय, कुठलीही फाइल काढा. अकरा वर्षं आहे मी ह्या खुर्चीत. काय म्हणता – तंतोतंत? दोऱ्याशी? त्यात काय एवढं – म्हणजे – हे बघा, फायलींचा ढीग असतो, माणूस घरी नेतो, जेवण झालं की डोळे मिटतात, आणि तिचा हात चांगला. आधी मी वाचून दाखवायचो. मग तीच वाचायला लागली. हे परिपत्रक? त्या रविवारी माझं डोकं दुखत होतं. ती म्हणाली, हे एकदा तुम्ही वाचा. दोनदा म्हणाली. मी म्हटलं, वरून आलंय, कर गं.

आत्ता करून दाखवू? इथे? द्या पेन. – थांबा, ही बिघडली. – ही पण राहू दे, शाई फुटतेय. – तुम्ही मान काय हलवताय? माझी आहे, मॅडम, तुमच्यादेखत माझ्या हातानं केलीय. नोंदीशी जुळत नाही म्हणजे काय?

आणि हा कागद कुठून काढलात? हो, तिचंच संमतिपत्र. बुधवारी ह्याच टेबलावर आलं. माझी सही आहे त्यावर, आणि मी त्याला हात लावलेला नाही. खोटं म्हणायला पेन उचललं होतं मी. पण ते खोटं तर परिपत्रकही खोटं, हे कपाटही खोटं, आणि मी अकरा वर्षं इथे बसून – असो. मंजूर केलं. आजच रुजू झाली ती.

घाबरलोय मी, मॅडम, तुमच्याशी काय लपवायचं. सोमवारपासून फायली घरी नेतो आणि तशाच परत आणतो. ती बघतसुद्धा नाही त्यांच्याकडे.

काय, अहवालाची पोच? शिक्का मारून देतो, हा घ्या. सहीही लागेल? नोंदीशी जुळणारीच?

मग कागद ठेवून जा. साडेपाचला शाळा सुटते. ती घरी आली, जरा टेकली, की सांगतो तिला – नाही, विचारून बघतो. तुम्ही निघा आता. दार ओढून घ्या.