पुलावर अडवलेली पालखी

सभेचे सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरचे रेल्वेचे साहेब, गावकीचे मानकरी, मुंबईहून रजा टाकून आलेली मंडळी आणि माता-भगिनींनो, या हैबतीचा सर्वांना नमस्कार.

आपला मुरारी गँगमन आज निवृत्त होतोय. सत्तावीस वर्षं त्यानं नदीच्या घळीवरचा रेल्वेपूल पायी तपासला. साहेबांनी त्याच्या नोकरीचं कौतुक केलं, ते योग्यच. माझी शाळा चौथीपर्यंतची. मी एकच गोष्ट सांगतो.

चार वर्षांमागचा शिमगा आठवतो ना? घळीतली पायवाट दरडीनं गेलेली. पालखी पलीकडच्या वाडीत न्यायची कशी? मीच म्हटलं, पुलावरून. "चार वाजेस्तोवर गाडी नाय!" गाडीच्या शिट्टीवर गुरं सोडणारा माणूस मी, मला वेळा पाठ.

पुलाच्या तोंडाशी मुरारी लाल झेंडी घेऊन आडवा.

"हैबतीदादा, मागं फिरा."

"अरे, देवी हाय ती! तुझा साहेब नाय."

"माझीपण हाय, म्हणून सांगतो. मालगाडीला वेळ नसते, दादा."

"नोकरी लागली नि देवापेक्षा मोठा झालास काय रे?"

एवढ्यात बोगद्यातून मालगाडीच आली. त्यानं आम्हाला रुळावरून बाजूला लोटलं. पुलावर असतो तर अंग चोरायला तरी जागा होती का? आणि खाली घळ.

मग आम्ही आभार मानले? छे! देवी अडवली म्हणून गावकीत मीच ठराव मांडला: मुरारीच्या दारात पालखी जाणार नाही. तीन शिमगे गेली नाही. दरवर्षी त्याची बायको रखमा अंगण सारवून, ओटीचं ताट घेऊन उंबऱ्यात उभी. पालखी शेजारून वळायची. गेल्या साली बाजा पुढे गेल्यावर तिला मुरारीशी बोलताना मी ऐकलं, "राहू दे वो, दमली असंल देवी."

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

काल गावकी बसली. ठराव मागे घेतला. पहिल्या ओटीचा मान आमच्या घराचा. यंदा तो रखमाचा. घरी विचारलंय, कुणाची ना नाही.

शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात काही राहिलं-सुटलं असेल ते सभेनं पोटात घालावं. ठरावाची चूक मात्र माझी. तो मी मोठ्यानं वाचला होता, म्हणून माफीही माइकवरच मागतो. मुरारी, रखमा, माझं चुकलं.